सानगडीची गाठ

अवं देवका,

नावानं हाक मारली म्हणून दचकू नको. जिवंतपणी कधी मारली नाही. 'अवं' अन् 'आयकून राहिली का' यातच आपला संसार झाला. पण पत्रावर नुसतं 'अवं' लिहिलं तं कोणाले लिहिलं ते कळणार कसं? म्हणून नाव लिहिलं.

पत्राचं कारण माझ्या मांडीजवळ खाटेवर ठेवलं आहे. शिदोरीचं फडकं, तुझंच, लाल काठाचं. काल देवरीवरून बांधून आणलं, अजून सोडलं नाही. सोडायच्या आधी तुले एक विचारायचं आहे. तू खरं सांगशील असा भरवसा मले नाही, तरी विचारतो.

त्याच्या आधी बातमी ऐक. मी पुन्हा ट्रकवर चाललो. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुले कळायच्या आधी मीच सांगतो, कारण माझ्या बातम्या नेहमी माझ्या आधी तुझ्याजवळ पोचत. तलावाच्या पाण्यात हात घालून तुले शपथ दिली होती, ते मी विसरलो नाही. आणीबाणी लागली त्या सालापासून पाळली. धान लावलं, बांध्या धरल्या, खळ्यात बैल फिरवून चुरणे केले, पण स्टेअरिंगले हात लावला नाही. कोणाच्या जीपले धक्का मारायची वेळ आली तरी मी मागून धक्का मारला, पुढं बसलो नाही.

पण ती शपथ तूच सैल केली ना? मागच्या साली तुले दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा. तुझा सानगडीचा भाऊ उशाशी बसला होता, सून पाणी पाजत होती. तू मले जवळ बोलावलं अन् म्हणाली, "मी गेल्यावर एकदा देवरीले जाऊन या जी."

माझ्या अंगाची आग झाली. मरतानाही टोमणा! तोही भरल्या घरात, तुझ्या भावाच्या देखत! त्यानं मान खाली घातली, सुनेनं पदर तोंडाले लावला, अन् मी उठून तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. परत आलो तं तुले बोलायचं भान नव्हतं. तो टोमणा मी वर्षभर पोटात घेऊन फिरलो. तुझ्या तेराव्याले जेवताना घास उतरला नाही. लोकायले वाटलं दुःखानं. अर्धा राग होता, देवका.

तुझ्या संगं तुझा संशयही जळला असन असं मले वाटलं होतं. कायचं! तो घरातच होता. तू गेली अन् तो माझ्या अंगात शिरला. आता मी सगळ्याकडं तुझ्या डोळ्यानं पाहतो. श्रावण म्हणते, बाबा, गाडीवर गेले तं तुमचं मन रमन. माझं मन रमन, का त्याले वावराचा कारभार एकट्याले पायजे? सून म्हणते, मामाजी, तुमचा हात अजून खणखणीत आहे न जी. तिनं माझा हात कधी पाहिला? ती या घरात आली तेव्हा मी नांगर धरत होतो.

अन् शेठ! पवनीचा मिलवाला, ज्याची गाडी मी चालवत होतो तोच. स्वतः जीपमधून दारात उतरला, चहा प्याला, म्हणाला, सखारामभाऊ, मले जुना माणूस पायजे. काहून पायजे? पवनीत चांगली जवान पोरं लायसन खिशात घेऊन फिरून राहिली, त्यायले सोडून माझ्या दारात? नक्की गाडीत खोट असन. नाही तं मालात असन. नाही तं आधीचा डायवर काही तरी करून पळाला असन अन् ते माझ्या गळ्यात पडणार.

मी गाडी पाहायले गेलो. पाना घेऊन एक एक टायर ठोकला. आवाज चांगला होता. चांगला आवाज आला म्हणून अजून संशय आला. ब्रेक दाबून पाहिला, खाली शिरून पाहिलं, दोर ओढून पाहिले. काहीच सापडलं नाही.

आता नाकवाली गाडी राहिली नाही, बरं का. तुले माहीत असलेली आपली हिरवी गाडी कशी होती, पुढं हे एवढं इंजिन, काही झालंच तं आधी त्याले लागन असा धीर राहे. ही नवी नकटी आहे. काचेच्या पलीकडं सरळ डांबर. खाटेवर बसून रस्त्यावरून घसरत चाललो असं वाटते. क्लिनर म्हणून शेठनं बंडूभाऊ दिला. पन्नाशीचा माणूस, मिशी पांढरी. एवढ्या वयाचा क्लिनर कोणी ठेवते का? मी पाहिल्याबरोबर ओळखलं, हा शेठचा डोळा आहे.

अन् खेप कुठची निघावी? देवरीची! तांदूळ देवरीच्या गोदामात टाकायचा अन् रिकामं परत यायचं. भंडारा नाही, तुमसर नाही, पहिलीच खेप देवरी. मले तं वाटलं तू वरूनच शेठच्या कानात सांगितलं.

सकाळी सुनेनं तीन मजली चकचकीत डबा पुढं केला. मी म्हटलं, मले फडकं पायजे. ती म्हणाली, फडक्यात पोळ्या वाळतीन जी. मी ऐकलं नाही. तुझ्या पेटीतून हे फडकं काढलं, पोळ्या अन् लाखोळीच्या डाळीचे वडे ठेवले अन् बांधायले बसलो. गाठ जमली नाही. इतकी वर्षं तुझ्या हाताकडं पाहिलं, पण हाताकडं पाहणं वेगळं अन् हातानं करणं वेगळं. शेवटी कशीतरी आवळली अन् निघालो.

ती तुझी सानगडीची गाठ. बैलबंडीवर धानाचं तणस भरलं का तुझ्या माहेरचे लोक दोराले मारतात ती. दोन वेढे, मग टोक उलट्या अंगानं आत, अन् वरून अंगठ्यानं दाबायचं. ओढली तं आवळते, सरकवली तं सुटते. आमच्या अड्याळात कोणाले येत नाही. लग्नानंतर पहिल्याच खेपेले तू शिदोरीले ती मारली अन् म्हणाली, सोडताना पाहून ठेवा, खाऊन झाल्यावर अशीच बांधून आणा. मले वाटलं, नवी नवरी आहे, लाड करून राहिली. महिनाभरानं कळलं का तो पहारा आहे. रस्त्यात कोण्या बाईनं माझी शिदोरी सोडली-बांधली तं तुले अड्याळात बसून कळावं! दुसऱ्या डायवरायच्या बायका नवस बोलत. तू गाठ मारली.

तेव्हा मले ती येत होती, हे ध्यानात ठेव. तू शिकवलीच होती. नऊ-दहा वर्षं शिदोरी बांधली नाही म्हणून विसरलो.

अन् त्याच गाठीनं माझा घात केला. देवरीच्या पारबताबाईच्या हॉटेलासमोर गाडी पंचर झाली होती. मी जेवून हात धुतले अन् जॅक लावायले गेलो. उरलेल्या पोळ्या बाजेवर उघड्याच. हात कोपरापर्यंत काळे. त्या बाईनं माशा बसतीन म्हणून फडकं बांधलं अन् केबिनमध्ये ठेवलं. बस, एवढंच. घरी आलो, तू शिदोरी हातात घेतली, गाठ पाहिली, अन् चुलीपुढं तशीच उभी राहिली. मग विचारलं, "ही कोणाच्या हातची?"

मी खरं सांगितलं. खरं सांगितलं म्हणूनच फसलो. खोटं बोललो असतो, माझ्याच हातची म्हटलं असतं, तं वेंधळा म्हणून सुटलो असतो. पण मी हसत हसत पारबताबाईचं नाव घेतलं. तू बोलणं सोडलं. पोळा आला, तू श्रावणले घेऊन माहेरी गेली. परत आली ती सरळ मले तलावावर घेऊन गेली. हात पाण्यात घाला म्हणाली. घातला. आता म्हणा, गाडीवर बसणार नाही. मी म्हटलं. काहून म्हटलं? तुझा चेहरा पाहून. मी तुले तसं कधी पाहिलं नव्हतं.

त्यापायी माझं काय झालं, तुले माहीत आहे का? गावात मले देवरीवाला म्हणत. श्रावणच्या समोर म्हणत. सानगडीले गेलो का तुझी वहिनी ताट वाढताना तोंड फिरवे. माझ्या हातून काही झालं नाही अन् माझं नाव असं. तू एका शब्दानं ते पुसलं नाही. उलट कोणी विचारलं तं तू गप्प बसे, अन् तुझ्या गप्प बसण्यानं माझ्यावर शिक्का बसला.

हे सगळं मनात घोळवत काल मी गाडी काढली. भंडाऱ्याच्या पुलावर वैनगंगा लागली, लाखनी गेली, साकोली आली. सानगडीच्या फाट्यावर पाय आपोआप ब्रेकवर गेला. बंडूभाऊनं लगेच माझ्याकडं पाहिलं. पाहत होता ना तो! सांगून राहिलो मी तुले. साकोलीच्या पुढं जंगल लागलं. एका वळणावर समोरून एसटी आली, अशी अंगावर आली का मले इंजिनाचं नाक आठवलं, जे आता नव्हतं. मी गाडी काढली बरोबर, चूक काही झाली नाही. पण पुढं कितीतरी वेळ मी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. दुसऱ्या कोणाले सांगणार नाही. मी भेलो, देवका. जवानीत जंगलातून एकटा गाडी नेत होतो तेव्हा भेलो नाही, अन् काल दिवसाढवळ्या भेलो.

देवरीले माल उतरवला. आता सरळ परतायचं असं ठरवलं होतं. पण तुझा तो टोमणा पोटात होता. म्हटलं, जाऊनच येतो. पाहू तं खरं, मरताना हिनं मले कुठं धाडलं.

हॉटेल तिथंच आहे. पारबताबाई म्हातारी झाली, डोळ्याले चष्मा लागला. मले पाहून म्हणाली, अड्याळवाले ना जी तुम्ही? माझे कान उभे राहिले. इतक्या वर्षात हिच्या दारापुढून किती डायवर गेले असतीन, हिले मीच काहून आठवतो? मी नुसती मान हलवली. तिनं वरण दिलं, कांदा दिला. माझी ती वाकडीतिकडी गाठ तिनंच सोडली अन् सोडताना गालात हसली. मले ते हसणंही आवडलं नाही.

मी जेवलो, ड्रमजवळ जाऊन हात धुतले, मागं वळलो. बाजेवर फडकं बांधून ठेवलं होतं. दोन वेढे. टोक उलट्या अंगानं आत. वरून दाबलेलं.

माझ्या हातातलं पाणी तसंच गळत राहिलं. मी विचारलं, "बाई, ही गाठ तुम्हाले कोणी शिकवली?"

"तुमच्याच बाईनं," ती म्हणाली. "आल्या होत्या न जी त्या. तुम्हाले नाही सांगितलं?"

मग तिनं जे सांगितलं ते तुले माहीत आहे. तरी मी लिहितो, म्हणजे तुले नाही म्हणता येणार नाही. त्या पोळ्याले तू सानगडीवरून एकटी निघाली. साकोलीले एसटी धरली अन् देवरीले उतरली. पारबताबाईच्या बाजेवर बसून चहा प्याली. मग पिशवीतून एक रिकामं फडकं काढून तिच्यापुढं टाकलं अन् म्हणाली, बांध. तिले वाटलं, बाई वेडी आहे. तिनं बांधलं, आपलं साधं, सगळे बांधतात तसं. तू ते पाहिलं अन् म्हणाली, हीच. तिनं तुले सारं सांगितलं, पंचर, काळे हात, माशा. तू ऐकलं, अन् हसली म्हणे! माझ्यापुढं चार महिने हसली नव्हती. मग तिच्याजवळ सरकून बसली अन् तिले गाठ शिकवली. "आता कधी बांधून द्यायची वेळ आली तं अशी बांधजो बाई, नाही तं माझ्या घरी भांडण होते."

तुले खरं कळलं होतं. त्याच दिवशी कळलं होतं.

तिथंच उठून तू घरी आली असती तं मी आजपर्यंत गाडीवर असतो. पण तू एसटीची वाट पाहत होती अन् लोक पळायले लागले. गावाबाहेरच्या वळणावर गाडी उलटली होती. हिरवी, नाकवाली. तूही पळाली. पारबताबाई तुझ्या मागं आली. डायवरले रस्त्याच्या कडेले झोपवून ताडपत्री टाकली होती. लोक बाईमाणसाले पुढं जाऊ देत नव्हते. तू गेली अन् ताडपत्रीचं टोक उचललं.

तो मी नव्हतो. मी त्या दिवशी तुमसरले होतो. पण टोक उचलायच्या आधी तुले काय माहीत?

पारबताबाई म्हणाली, तू तिथंच मातीत बसली अन् बराच वेळ उठली नाही. तिनं पाणी पाजलं. एसटीत बसवून देताना तू तिले म्हणाली, "मले भेव वाटते म्हटलं का ते हसतात. संशय घेतला तं हसत नाहीत." अन् म्हणाली, त्यायले काही सांगू नको.

मी लगेच विश्वास ठेवला असं समजू नको. मले तेव्हाही वाटलं, ही बाई आपली बाजू धुऊन काढून राहिली. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही सांगता येते. पण गाठ समोर होती. ती गाठ सानगडीच्या बाहेर कोणाले येत नाही, अन् ती तुझ्यासारखी अंगठ्याच्या डाव्या बाजूनं दाबलेली होती. तिच्यावर कसा संशय घेऊ?

मग मले माहेरावरून आलेली तू आठवली. तलावावरून परत आल्यावर दोन दिवस तू मले नुसती पाहत होती. मी आंघोळ करताना, जेवताना, बैलाले पाणी पाजताना. मी मनात म्हणे, पाहा, चोरावर नजर ठेवून राहिली. मी चिडून एकदा म्हटलंही, काय पाहते? अवं, तू मी जिवंत आहो का ते पाहत होती.

परत येताना मी बंडूभाऊले सरळ विचारलं, शेठनं तुम्हाले कायले पाठवलं? तो लाजला. म्हणाला, शेठ म्हणे, सखारामभाऊचा हात अन् डोळा कसा आहे ते पाहून या, भरवशाचा माणूस आहे पण वय झालं. म्हणजे पाहा, माझा संशय बरोबर होता. फक्त कारण वेगळं निघालं. तुझ्या पाहण्याचंही तेच झालं.

आता माझा प्रश्न. इतकी वर्षं तू एकदाही काहून सांगितलं नाही? माझं नाव गावात खराब होऊ दिलं. तुझ्या भावाले खरं सांगितलं नाही. मले चोर ठरवून घरात ठेवलं. एकदा जवळ बसून म्हणाली असती, मी असा असा माणूस पाहून आली, मले भेव वाटते, तं मी हसलो नसतो.

हसलो असतो. पत्रात खोटं कायले लिहू? डायवरची बायको अन् भेते, असं म्हणून हसलो असतो अन् दुसऱ्या दिवशी गाडी काढली असती. तुले माझी पुरती ओळख होती. माझा राग गेला असं नाही. तो आहे. देवरीवाला म्हणून घेत मी जगलो अन् तू ते ऐकत बसली, याचा राग मले मरेपर्यंत राहीन. पण त्या टोमण्याचा राग काल उतरला. तू मले मोकळं करत होती अन् मी उठून पाळीवर जाऊन बसलो. तुझ्याजवळ बसायले पायजे होतं.

आता घरात कोणी नाही, सगळे चुरण्यावर गेले. आताच मी फडकं पुढं घेतलं. ओढलं नाही, सरकवलं. सुटलं. एक वडा उरला होता, वाळून कडक झालेला, तो खाल्ला. मग गाठ पुन्हा मारून पाहिली. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली, मग अंगठा बरोबर बसला.

उद्या सकाळी दुसरी खेप आहे. मी जाणार. तू नाही म्हणशील तरी जाणार, घरात तुझ्याशिवाय बसवत नाही. पण एक वचन देतो. या पत्रावर देतो, पाण्यात हात घालून नाही, कारण ती शपथ तू मले फसवून घेतली होती. दर खेपेले शिदोरी याच गाठीनं नेईन अन् याच गाठीनं घरी आणीन. तुझ्या फोटोपुढं ठेवीन, तू तपासून घे, जेवढा संशय घ्यायचा तेवढा घे. अन् ज्या दिवशी माझ्या बोटायले ही गाठ बांधता येणार नाही, त्या दिवशी गाडीची किल्ली शेठच्या हातात देईन अन् घरी येईन. कोणी शपथ घातल्याशिवाय येईन. अन् वळणावर भेव वाटलं तं वाटलं म्हणीन, हसणार नाही.

तुझाच, आता तरी मान,
सखाराम, अड्याळवाला